बी हरवलेली केळ आणि पिलू नसलेली केळ

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठाने हिर्डोशी मागे टाकतो आणि वरंधा घाटाला लागतो. पावसाला सुरुवात होऊन काही आठवडे झाले की इथल्या काळ्या कातळावर, माणसाचा पाय ठरणार नाही अशा कपारींत, केळीची लांबरुंद पाने फडफडताना दिसतात. वेल्हे तालुक्यात (२०२४ साली मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला) मढे घाटाच्या कड्यांवर आणि तोरण्याच्या उतारांवरही हेच दृश्य असते. ही रानकेळ. कोणी तिला चवई म्हणतात, कोणी चवेणी, तर कोणी कवदर. मढे घाटाच्या माथ्यावरच्या गावाचे नाव केळद आहे, पण नावावरून इतिहास रचण्याचा मोह इथे आवरलेला बरा.

याच गावांत घराच्या मागच्या बाजूला, मोरीचे सांडपाणी जिथे जाते तिथे, दुसरी केळ उभी असते. ती कोणी विकत आणलेली नसते. शेजारणीकडून, माहेरहून किंवा मामाच्या परड्यातून एक मुनवा आणून लावलेला असतो. त्याला घड येतो, खुंट कापला जातो, तोवर बाजूला दोनचार पिले उभी राहिलेली असतात. त्यांतले एखादे आणखी कोणाच्या तरी परड्यात जाते.

दोन्ही झाडे मुलांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. तरीही ‘केळीला बी नसते, ती कंदापासून लावतात’ हे वाक्य आपण वर्गात बिनदिक्कत सांगतो. चवईचे पिकलेले फळ एकदा फोडून दाखवले तर हे वाक्य तिथेच मोडते. आत गर नावापुरता आणि बाकी सगळ्या बिया असतात. काळपट, टणक, जवळजवळ वाटोळ्या, सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या. उलट चवईच्या बुंध्याशी कितीही शोधले तरी पिलू सापडत नाही. एकीला बी नाही म्हणून ती पिलांवर जगते, दुसरीला पिले नाहीत म्हणून ती बियांवर. ही वाटणी झाली कशी आणि तिच्यात माणसाचा हात किती, हे समजून घ्यायचे तर आधी मातीखाली बघावे लागते.

केळीचा जो उभा ‘बुंधा’ आपण पाहतो तो बुंधा नव्हे. पानांचे देठ तळाशी रुंद होऊन एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जातात, त्यांचा तो खांब असतो. सुकल्यावर ज्याच्या पट्ट्यांनी आपण हार आणि पुड्या बांधतो ते सोपट म्हणजे हेच देठ. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नेमकी ठाऊक होती. पाली बौद्ध ग्रंथांत एक दृष्टान्त आहे. लाकडाचा गाभा शोधायला निघालेला माणूस केळीचा खांब कापतो, एकेक पापुद्रा सोलत जातो आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. दृष्टान्त तत्त्वज्ञानासाठी दिलेला आहे, पण निरीक्षण अस्सल वनस्पतिशास्त्राचे आहे. त्याच ग्रंथांत केळ, वेळू आणि बोरू यांना फळ येणे म्हणजे मरण, अशा आशयाची उपमाही येते. आयुष्यात एकदाच फुलून मरणाऱ्या वनस्पतींचा असा वेगळा गट त्या काळी कोणाच्या तरी लक्षात आला होता, ही नोंद लहान नव्हे.

खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याच्या माथ्यावर वाढीचा कोंब असतो. तो आधी पाने देत राहतो आणि एक दिवस फुलोऱ्याचा दांडा होऊन पोकळ खांबातून वर चढतो व केळफूल बाहेर काढतो. कोंब फुलोऱ्यात खर्ची पडला की त्या खोडाला पुढे वाढता येत नाही, म्हणून घड दिलेली केळ मरते. परड्यातल्या केळीच्या कंदावर मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक डोळा असतो. त्यांतले काही वाढतात, तेच मुनवे. एक खोड मरते, पण कंदांची साखळी चालू राहते. म्हणजे तुमच्या शाळेमागची केळ आणि तिची शेजारच्या गावातली आई ही अर्थाने दोन झाडे नाहीतच. एकच झाड तुकड्यातुकड्यांनी जागा बदलत आले आहे.

किती वर्षे? केळीच्या इतिहासात हाच भाग सर्वांत अवघड. गहू, ज्वारी किंवा हरभरा यांचे जळके दाणे उत्खननात सापडतात. बी नसलेले फळ मागे काय ठेवणार? संशोधकांना आधार मिळाला तो पानांतल्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांचा. पान कुजून गेले तरी हे कण मातीत टिकतात आणि केळीच्या कुळातल्या कणांचा आकार ओळखता येतो. न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची दलदल आहे. तिथे मातीचे उंचवटे करून शेती केल्याच्या खुणांबरोबर असे कण विपुल सापडले. त्यांचा काळ आजपासून सुमारे ७,००० ते ६,५०० वर्षांपूर्वीचा आहे.

त्या भागात आणि आग्नेय आशियात ‘म्यूसा ॲक्युमिनाटा’ ही रानकेळ उगवते. तिच्या फळात बिया असतात. पण काही झाडांत एक वैगुण्य होते. परागण झाले नाही तरी त्यांचे फळ भरायचे. जंगलात अशा झाडाला भवितव्य नाही. माणसाला मात्र नेमके तेच हवे होते. त्याने अशा झाडांचे मुनवे उचलले आणि वस्तीजवळ लावले. पुढे या केळी माणसाबरोबर फिरताना दुसऱ्या एका रानकेळीच्या, ‘म्यूसा बाल्बिसियाना’च्या, मुलखात आल्या. ही ईशान्य भारतापासून दक्षिण चीनपर्यंतची कणखर जात. आसामात आजही ‘भीमकोल’ नावाची बियांची केळी घरोघरी लावतात, ती हिच्याच वंशातली. दोघींचे संकर झाले. त्यांतल्या काहींत गुणसूत्रांचे दोन संच असण्याऐवजी तीन आले, म्हणजे २२ ऐवजी ३३ गुणसूत्रे. तीन संचांची जोड्यांत वाटणी नीट होत नाही, म्हणून अशा झाडात सकस बीज तयार होणे जवळजवळ अशक्य होते. आपण खातो त्या केळ्याच्या मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात ते कधीच बी न झालेले बीजांड.

१९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी ही वंशावळ उलगडण्याची एक सोपी युक्ती सुचवली. झाडाची १५ लक्षणे घ्यायची. देठाची खोबण उघडी की मिटलेली, खांबावर डाग किती, केळफुलाच्या सालींचा आकार आणि रंग कसा, वगैरे. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. पहिल्या पूर्वजासारखे लक्षण असेल तर १, दुसऱ्यासारखे असेल तर ५. बेरीज १५ च्या जवळ आली तर वंश पहिल्याचा, ७५ च्या जवळ आली तर दुसऱ्याचा, मधे आली तर मिश्र. या हिशेबात बसराई पूर्णपणे पहिल्या पूर्वजाची ठरते. सफेद वेलचीत दोघांचा एकेक संच आहे. वसईत जिच्यापासून सुकेळी करतात ती राजेळी दोन संच पहिल्याचे आणि एक दुसऱ्याचा अशी आहे. इंग्रजीत पिकवून खायच्या आणि शिजवून खायच्या केळ्यांना वेगवेगळी नावे आहेत. मराठीत तसे नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. लिनियसने १८व्या शतकात या भेदावर दोन जाती उभ्या केल्या होत्या, ‘म्यूसा पॅराडिसियाका’ आणि ‘म्यूसा सेपियंटम’. पुढे दोन्ही मिश्र वंशाचे संकर निघाले. दुसरे नाव ठेवताना त्याच्यासमोर पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी होता. भारतातले ज्ञानी लोक ज्या फळावर जगतात अशा एका झाडाचे वर्णन प्लिनीने केले आहे. ते झाड केळ की फणस, यावर विद्वानांत एकमत नाही.

कंदाचे एक वैशिष्ट्य केळीच्या प्रसाराला फार उपयोगी पडले. उपटून, मुळे छाटून ठेवलेला कंद सावलीत बरेच दिवस तग धरतो. बैलगाडीत, गलबतात, डोक्यावरच्या गाठोड्यात तो कुठेही जाऊ शकतो. असेच कंद हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत गेले. अरबी ‘मौझ’ या शब्दावरून ‘म्यूसा’ हे नाव आले. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या धर्मोपदेशकाने कॅनरी बेटांवरून केळीची रोपे कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर नेल्याची नोंद आहे. ज्या खंडाला आपण आज केळ्यांचे आगर समजतो तिथे केळ अशी उशिरा पोहोचली. आपल्या बसराईच्या जातकुळीचीही अशीच कथा आहे. दक्षिण चीनमधली एक बुटकी केळ मॉरिशसमधल्या चार्ल्स टेलफेअर यांनी १८२९ साली इंग्लंडला पाठवली. तिच्यापासून चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३५ मध्ये घड मिळवला. जागेचे मालक कॅव्हेंडिश घराण्यातले, म्हणून केळीला तेच नाव मिळाले. तिथून एका मिशनऱ्याने ती पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर नेली. आज जगाच्या व्यापारातली बहुतेक केळी या एका कुळीची आहेत. जळगावची बसराई तिचाच बुटका प्रकार, आणि ऊतीसंवर्धनाने तयार केलेली ग्रँड नैनही त्याच कुळीची.

आता पुन्हा कड्यावरच्या चवईकडे येऊ.

तिला वैज्ञानिक नाव दिले विल्यम रॉक्सबर्ग यांनी. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख असलेल्या रॉक्सबर्ग यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिला ‘म्यूसा सुपर्बा’ म्हटले. सुपर्बा म्हणजे दिमाखदार. नाव साजेसेच होते, पण कुळ चुकले होते. ही चूक सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) प्राचार्य होते. त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही ती म्यूसाच आहे. ई. ई. चीझमन यांनी १९४७ साली तिला ‘एन्सेटे’ या वेगळ्या प्रजातीत नेले. फरक वरवरचे नव्हते. म्यूसात गुणसूत्रांचा मूळ संच ११ चा, एन्सेटेत ९ चा. म्यूसाला पिले येतात, एन्सेटेला आपणहून येत नाहीत. खांब तळाशी फुगून घड्यासारखा होतो. पावसाळा संपून जमीन वाळली की चवईची पाने झडतात आणि कड्यावर फक्त तो फुगीर बुंधा उरतो. आतल्या साठ्यावर ती उन्हाळा काढते आणि पाऊस आला की पुन्हा पाने काढते. अशी बरीच वर्षे साठा करून ती एकदाच फुलते, बिया टाकते आणि मरते. मागे काही उरत नाही.

‘एन्सेटे’ हा शब्द आला इथिओपियातून. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस नाईल नदीचा उगम शोधत १७७० च्या सुमारास तिथे गेला होता. १७९० साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ‘एन्सेट’ या झाडाचे चित्रासह वर्णन दिले. आपल्या चवईची ही आफ्रिकन बहीण. तिचेही फळ बियांनी भरलेले, खाण्याजोगे नाही. पण दक्षिण इथिओपियातले लोक फळाकडे पाहतच नाहीत. ते कंद आणि खांबाचा लगदा काढतात, तो खड्ड्यात आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. सुमारे दोन कोटी लोकांचे हे अन्न आहे.

चवईसारखीच हीसुद्धा रानात पिले देत नाही. मग इतकी लागवड होते कशी? तिथल्या शेतकऱ्यांनी कधी काळी शोधलेली रीत अशी. दोनतीन वर्षांचे झाड जमिनीलगत कापायचे. कंद उपटून त्याच्या माथ्यावरचा मधला कोंब कोरून काढायचा. खळग्यात माती-शेणखत भरायचे, कधी कंदाचे दोनचार तुकडे करायचे, आणि पुन्हा मातीत उथळ पुरायचे. काही महिन्यांत जखमेच्या कडेने डोळे फुटतात. एका कंदापासून डझनावारी, कधी शंभराच्या घरात रोपे मिळतात. निसर्गाने जे झाडाला दिले नव्हते ते माणसाने सुरीच्या टोकाने काढून घेतले.

याचे कारण शास्त्राला बऱ्याच उशिरा उलगडले. थिमन आणि स्कूग यांनी १९३०च्या दशकात दाखवले की शेंड्याच्या कोंबात तयार होणारे ऑक्झिन हे द्रव्य खालच्या डोळ्यांची वाढ दडपून ठेवते. शेंडा गेला की डोळे मोकळे होतात. बागेतली तुळस खुडली की ती झुपकेदार होते, त्याचे कारण हेच. कॅमेरूनमध्ये केळीसाठी विकसित झालेली कंदाचे तुकडे भुशात रुजवण्याची पद्धत याच तत्त्वावर आहे. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रानेही (स्थापना १९९३) कंदापासून रोपे करण्याच्या अशा पद्धतीचा प्रसार केला. तैवानमध्ये १९७२ साली केळीचा कोंब बाटलीत वाढवण्यात यश आले आणि ऊतीसंवर्धित रोपांचे युग सुरू झाले. बाटलीतली रोपे ही शेवटी कंदाच्या कोंबातूनच निघालेली आहेत.

कंदाबरोबर आणखीही काही प्रवास करते, आणि हा इतिहास इतका सुखाचा नाही. १९१३ साली ऑस्ट्रेलियात केळीची पाने आखूड होऊन शेंड्याशी झुपका होण्याचा रोग दिसला. तो फिजी बेटांवरून आणलेल्या कंदांबरोबर आला होता. दहाबारा वर्षांत बागाच्या बागा बसल्या. मॅगी या तरुण संशोधकाने १९२७ मध्ये दाखवले की हा विषाणुरोग आहे, मावा त्याचा प्रसार करतो आणि रोगट झाडाचे मुनवे हे त्याचे दुसरे वाहन आहे. भारतात हा पर्णगुच्छ रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात शिरला. मर रोगाची बुरशीही कंदातून आणि मातीतून जाते. लॅटिन अमेरिकेतल्या ‘ग्रो मिशेल’ या एकाच केळीवर उभा असलेला निर्यात-व्यापार तिने मोडून काढला आणि १९६० च्या आसपास त्याला कॅव्हेंडिशकडे वळावे लागले. सगळी झाडे म्हणजे एकच झाड असेल, तर एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो. त्याच बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो आहे आणि तो भारतातही पोहोचला आहे.

म्हणून शेजारच्या परड्यातून मुनवा आणताना प्रेमाबरोबर थोडी चिकित्साही असावी. निरोगी, चांगला घड दिलेल्या केळीचाच मुनवा घ्यावा. पाने अरुंद, तलवारीसारखी असलेला, दोनतीन महिन्यांचा. लहानपणीच रुंद पाने काढणारा मुनवा दिसायला गोंडस असतो, पण त्याचा कंद लहान आणि आईशी जोड कमजोर, म्हणून तो सोडावा. कंद धुऊन मुळे तासावीत. छेद पांढरा स्वच्छ हवा. तांबूस-काळे डाग किंवा सोंड्या भुंग्याची भोके दिसली तर तो फेकून द्यावा. सूत्रकृमींची शंका असल्यास ५५ अंश सेल्सिअस पाण्यात २० मिनिटे बुडवतात. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक इथे कामी येतो. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात शेणखत आणि माती. जळगावकडे जूनच्या लागवडीला मृगबाग आणि ऑक्टोबरच्या लागवडीला कांदेबाग म्हणतात. भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्यात पाऊस इतका की खड्ड्यात पाणी साचले तर कंद कुजतो. तिथे लागवड उंचवट्यावर करावी. (कुकच्या दलदलीतल्या लोकांनी उंचवटे का केले असतील, ते मुलांना इथे विचारता येईल.) पहिला घड साधारण वर्ष-दीड वर्षात मिळतो. तोवर एकच पिलू ठेवून बाकीची काढावीत.

चवईच्या बाबतीत मात्र यातले काहीच लागू होत नाही, आणि अडचण तिथेच आहे. पावसाळ्यात डोंगरातले लोक तिचा कोवळा गाभा भाजीसाठी काढतात. ही जुनी रीत आहे आणि घरापुरती होती तोवर तिने कोणाचे बिघडले नाही. पण परड्यातली केळ कापणे आणि चवई कापणे यांत फरक आहे. परड्यातल्या केळीचा गाभा घड उतरल्यावर निघतो, तेव्हा तिची पिले शेजारी उभी असतात. चवईचा गाभा फुलण्याआधीच काढला जातो. त्या झाडाने साठवलेली सगळी वर्षे बी न टाकताच संपतात. औषधी म्हणून बियांनाही मागणी असते. घाटातला रस्ता रुंद झाला, बाजार जवळ आला की दोन्हीकडून ओढ लागते.

शाळेत चवई वाढवायची तर कड्यावरचा कंद खणू नये. तो उपटताना झाड मरतेच आणि त्यातून पिले मिळत नाहीत. गळून पडलेल्या पिकल्या फळातल्या दहाबारा बिया, जागा राखीव वनातली असेल तर वनरक्षकांना विचारून, आणाव्यात. गर धुऊन काढावा. कवच फार टणक असते, म्हणून एकदोन दिवस पाण्यात भिजवावे आणि वाळू-मातीच्या कुंडीत बोटाच्या पेराइतके खोल पेरावे. सगळ्या एकदम उगवत नाहीत. एक महिन्याने एखादी आणि बाकीच्या पुढच्या पावसात, असेही होते. पेरणारी मुले तोवर वरच्या वर्गात गेलेली असतात, म्हणून कुंडीवर तारीख आणि झाडाचे नाव रंगाने लिहून ठेवावे. नाहीतर सुट्टीतल्या साफसफाईत ती रिकामी समजून कोणीतरी ओतून टाकते.